मन शांत, नेम अचूक

६ जानेवारी, सोमवार

काल क्लबची मीटिंग. आस्मुंड कॉफी पितो की मोरीतलं तुंबलेलं पाणी उपसतो, हे मला लग्नापासून कळलेलं नाही. बायकोचा भाऊ आहे म्हणून सहन करायचं. त्यात क्लबचा अध्यक्ष. प्रत्येक घोटाला तो आवाज. मीटिंगभर माझं लक्ष तिकडेच, त्यामुळे पहिले तीन विषय मी ऐकलेच नाहीत. चौथा विषय मी होतो.

दरीतल्या क्लबांची रिले २३ फेब्रुवारीला. नियम मला पाठ आहेत, तरी आस्मुंडने ते माझ्यासाठी फळ्यावर काढून दाखवले, जणू मी काल जन्मलो. चौघांची टीम. पाठीवर रायफल घेऊन स्कीवर एक मोठी फेरी, मग रेंजवर उभ्याने पाच गोळ्या, मग आणखी एक मोठी फेरी. प्रत्येक टीमची जागा ठरलेली, तिच्यासमोर तिची पाच काळी टार्गेटं. गोळी लागली की काळ्यावर पांढरी चकती पडते. जेवढे नेम चुकतील तेवढ्या शिक्षेच्या छोट्या फेऱ्या, तिथल्या तिथे मारायच्या. शिक्षेच्या फेऱ्या सांगताना त्याने खडू माझ्याकडे रोखला.

शेवटचा टप्पा माझा. बरीच वर्षं माझाच. मागच्या वर्षी मी सगळ्यांच्या आधी रेंजवर पोचलो आणि चार गोळ्या हुकल्या. एक वाऱ्यामुळे, एक पंचाच्या खोकल्यामुळे, बाकीच्या दोन त्या पहिल्या दोघींमुळे. मी शिक्षेच्या फेऱ्या मारत होतो आणि लोक मोठमोठ्याने मोजत होते. पोरांनी मोजलं तर समजू शकतो. पाद्रीही मोजत होता.

ठरलं ते असं: यंदाही शेवटचा टप्पा मीच धावणार, पण त्याआधी रिगमोरचा माइंडफुलनेसचा कोर्स करायचा. हे सांगताना आस्मुंड छताकडे बघत होता. भरून आलं असेल. म्हणाला, सुनिवाशी बोलणं झालंय, तिचंही हेच म्हणणं पडलं. सुनिवा माझी मुलगी. ट्राँडहाइमच्या विद्यापीठात मेंदूवर संशोधन करते, तिसरा टप्पा तिचा. अर्धा तास फोनवर होती म्हणे. माझ्या डावपेचांबद्दलच असणार.

संकल्प: कोर्स करायचा. विश्वास ठेवायचा नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला वर्ग. रिगमोर म्हणजे गावची फिजिओथेरपिस्ट. माणसाचं मानगूट धरून कडाकडा मोडते आणि वर विचारते, कसं वाटतंय. क्लबहाउसमध्ये आम्ही सात जण रबरी चटयांवर. बूट बाहेर. सात जणांचे लोकरी मोजे आणि हीटर फुल्ल. डोळे मिटा असं सांगावं लागलं नाही, आपोआप मिटले.

प्रत्येकाच्या हातावर एकेक बेदाणा. हा आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजून बघा. मग वास घ्या. मग कानाजवळ नेऊन ऐका. बेदाणा ऐकायचा! छप्पन्न वर्षांचा माणूस, नगरपालिकेत बांधकाम परवान्यांचा प्रमुख, कानाला बेदाणा लावून बसलोय. शेजारी क्नूट. गावचा डेंटिस्ट, लोकांना सांगतो तोंड मिटून चावा, आणि स्वतः असा चावत होता की मला त्याची पडजीभ ऐकू येत होती. माझ्या बेदाण्याला बारीक देठ होतं आणि देठाला कुणाच्या तरी मोज्याची लोकर. रिगमोर म्हणाली, जे जाणवतंय त्याला मनात नाव द्या. दिलं. किळस. बेदाणा खिशात टाकला.

नंतर तिने फळ्यावर मेंदू काढला. फ्लॉवरचा गड्डा वाटला. त्याच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग, राग आणि भीती तिथून उठते. ताण आला की बदाम बोंब ठोकतो, कपाळामागचा विचार करणारा भाग गप्प होतो, हात थरथरतो, नेम जातो. रोज श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव केला की बदाम जरा कमी बोंबलतो. काही अभ्यासांत तो लहान झालेलाही दिसला. ती पुढे म्हणाली, पण सगळ्या अभ्यासांत नाही, आणि व्हायचंच तर आठवडे लागतात. हे बाकीच्या सहा जणांसाठी असावं.

संकल्प: रविवारपर्यंत बदाम निम्मा.

११ जानेवारी, शनिवार

ताण मोजणारं घड्याळ घेतलं. सकाळी श्वासाला बसलो. शेजारच्याने नेमकं तेव्हा बर्फ उडवायचं मशीन काढलं. त्याचा सगळा बर्फ आमच्या कुंपणावर. मी श्वास घेतला, सोडला, घेतला, आणि मनातल्या मनात त्याच्या गॅरेजचा परवाना रद्द केला. घड्याळ म्हणतं, ताण अति. विश्रांती घ्या.

विश्रांतीच घेतोय ना, मूर्खा.

घड्याळ बिघडलेलं आहे. परत करणार.

१२ जानेवारी, रविवार

सुनिवाचा फोन. तिला विचारलं, तुमच्याकडे मेंदूचे फोटो काढायचं मशीन आहे ना, माझा बदाम मोजून मिळेल का. हसत सुटली. म्हणाली, बाबा, बदाम सोड. असे तीन दिवसांत अवयव आटत नाहीत. आणि शांत होणं हा त्यातला मुद्दाच नाही, समोर जे आहे ते नीट दिसायला लागणं, ऐकू यायला लागणं, एवढंच आहे. मग आपोआप जमलं तर शांत. ताण थोडा कमी होतो, लक्ष थोडं बरं टिकतं. थोडंच हं, बाबा.

थोडक्यात, सुनिवाने शास्त्रीय दुजोरा दिला.

बोर्गहिल्ड, म्हणजे माझी बायको, शेजारी उभी राहून खाणाखुणा करत होती, फोन मला दे म्हणून. मी श्वास घेत होतो. तोवर फोन कट झाला.

१६ जानेवारी, गुरुवार

आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष. अंगठ्यात मला काहीच सापडलं नाही. गुडघ्याला पोचेस्तोवर क्नूट घोरायला लागला. तोंड उघडं, कोपऱ्यातून लाळ, आणि लाळ चटईवर. चटया क्लबच्या. पुढच्या आठवड्यात ती कुणाच्या नशिबी येणार याचा विचार करता करता माझं उरलेलं शरीर राहूनच गेलं.

रिगमोर म्हणाली, मन भरकटलं तर स्वतःला रागावू नका. मी कशाला रागावू? मी क्नूटवर रागावलो होतो.

घरून प्लास्टिकचा कागद न्यायचा.

२० जानेवारी, सोमवार

ऑफिसातही प्रयोग सुरू. एक जण तळ्याकाठी सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, बांधायचा अर्ज घेऊन आला. अंगाला मेंढ्यांचा वास. तळ्याकाठी बांधकामाला परवानगी नाही हे दरीतल्या मेंढ्यांनाही माहीत आहे. पूर्वी मी ओरडलो असतो. आज डोळे मिटले, पायाखालची जमीन जाणवून घेतली, तीन संथ श्वास घेतले. डोळे उघडले तर अर्जदार जागेवर नाही. तो हृदय बंद पडल्यावर लावायचं भिंतीवरचं यंत्र खाली काढत होता.

अर्ज नामंजूर. शांतपणे.

माझी कार्यक्षमता वाढली आहे हे उघड आहे. दुपारी साहेबांनी विचारलं, हाल्वार, घरी सगळं ठीक ना? माणसात फरक पडला की लोकांना कळतोच.

२३ जानेवारी, गुरुवार, रात्री

वर्गानंतर आस्मुंडकडे जेवण. महिनोन्महिने बादलीत मुरवलेला मासा, वर कच्चा कांदा. झाकण काढलं आणि त्याची मांजर घराबाहेर गेली. मी आजवर हा मासा ब्रेडखाली लपवून वेळ मारून नेत आलोय. पण आजच रिगमोरने सांगितलं होतं, पुढचं जेवण पूर्ण लक्ष देऊन जेवा, प्रत्येक घास.

दिलं लक्ष. हीच चूक. अशा पदार्थाकडे लक्ष द्यायचं नसतं. पहिल्या घासाला तो जिभेवर सरकला. दुसऱ्या घासाला मला त्याचा पोत कळला. तिसरा घास मी आस्मुंडच्या अंगणातल्या बर्फात परत केला. आस्मुंड खिडकीतून ओरडला, काय महाराज, समाधी लागली का?

पोटाची साथ आहे गावात.

१ फेब्रुवारी, शनिवार

रेंजवर सराव. पाचपैकी तीन. (आधीच्या चार खेपा धरत नाही, तेव्हा शरीर गरम झालं नव्हतं.) हात थरथरला तो थंडीने. मन शांत होतं. म्हणजे शांतच असणार, सहा वर्गांपैकी चार झाले.

नवीन शिकलो ते फार कामाचं आहे. बसल्या बसल्या आवाज कानावर येतात. ते चांगले की वाईट ठरवायचं नाही, त्यांच्यामागे जायचं नाही. येतात, जातात. रिगमोरने आणखीही काही सांगितलं, आवाज आधी पुरता ऐकायचा वगैरे. पण मूळ मुद्दा मला पटकन कळला. कान असताना न ऐकण्याची ही विद्या आहे. रेंजवर सोन्यासारखी. मागच्या वर्षी मला खोकल्याने मारलं.

घरी लगेच सराव केला. बोर्गहिल्ड तळघरातून काहीतरी म्हणाली. आवाज आला, गेला. पुन्हा म्हणाली. आला, गेला. मग भिंतीवरचा अलार्म वाजायला लागला. तोही शेवटी आवाजच. खोलीत धूर भरला तेव्हा डोळे उघडले. वाफल भाजायचं यंत्र चालू राहिलं होतं, आत कोळसा. बोर्गहिल्ड वर आली, म्हणाली, तीनदा ओरडले रे, यंत्र बंद कर म्हणून! मी सांगितलं, मला ऐकू येत होतं, मी फक्त त्यात गुंतलो नाही. ती म्हणाली, हे ध्यान नव्हे, बहिरेपणाचं सोंग आहे, आणि ते तू कोर्सच्या आधीपासून करतोयस.

करपलेल्या वाफलचा वास पडद्यांत बसलाय. शिसारी येते.

पण अलार्म! अलार्मनेही माझं मन हललं नाही. दरीत कुणाला जमेल हे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्स संपला. सगळ्यांना प्रमाणपत्र. मी हळूच विचारलं, पहिला कोण. रिगमोर म्हणाली, यात नंबर नसतात, हाल्वार. मी म्हटलं, हो, पण असते तर. तिने माझ्या मानगुटीकडे अशा नजरेने बघितलं की मी विषय वाढवला नाही.

शेवटी प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे. क्नूट म्हणाला, परवा बायको भांडी आपटत होती. नेहमीसारखा मी पेपर वर धरणार होतो. म्हटलं, ऐकून तर बघू. तर ती भांडत नव्हतीच, विचारत होती. मला कंटाळलास का, असं विचारत होती. इतकी वर्षं मी पेपर धरून बसलो होतो. आणि रडायलाच लागला. नाकातून धार. ती त्याने मिशीत जिरवली. मी दुसरीकडे बघितलं. माणसाने चारचौघांत एवढं ओलं होऊ नये.

माझी पाळी आली. सांगितलं, आता मला कशाचाही त्रास होत नाही. तेवढ्यात आस्मुंड किल्ल्या न्यायला आला आणि थर्मासमधली उरलेली कॉफी प्यायला. ओढली. मला खोलीतून बाहेर जावं लागलं. ताजी हवा घ्यायला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्गहिल्ड आज तोंडावर बोलली. म्हणाली, तुला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कमिटीला शेवटचा टप्पा सुनिवाला द्यायचा होता. ती तुझ्यापेक्षा दोन मिनिटांनी वेगवान आहे हे दरीतलं शेंबडं पोरही सांगेल. तिनेच आस्मुंडला सांगितलं, शेवटी बाबा धावणार असेल तरच मी येते. तुझ्यासाठी शब्द टाकलाय पोरीने. आस्मुंड तिला म्हणाला, यंदा फजिती झाली तर मी तुझंही ऐकणार नाही. तेव्हा तू तिचा शब्द तरी राख.

मी तीन श्वास घेतले. वाक्यं आली, गेली.

बोर्गहिल्डवर बराच ताण दिसतो. तिला कोर्स सुचवला. ती भांडी आपटत आत गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाचपैकी दोन. रेंजवर उजेड वाईट.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाचपैकी चार!! शेवटच्या गोळीला काळे-पांढरे सगळे गोल एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत होते, तरी लागली. डोळे मिटून तीन श्वास, पाय बर्फावर, मग डोळे उघडायचे. हेच ते. बाकी सगळं थोतांड, हे खरं.

आस्मुंड म्हणाला, रेंजवर डोळे मिटून उभा राहू नकोस बाबा, भीती वाटते. मत्सर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनिवा आली. सुट्ट्या जुळवून, दुसऱ्याची पाळी स्वतःवर घेऊन. दर शुक्रवारसारखे टाको, म्हणजे खिमा भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्या. आस्मुंडही हजर. त्याने टाको तोंडाकडे नेला की मागून खिमा गळतो, आणि गळलेला खिमा तो बोटाने गोळा करून पुन्हा टाकोत भरतो. मी बशीकडे बघत जेवलो.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं क्लबच्या मेणाच्या खोपटात जाऊन स्कींना बर्फाला साजेसं मेण चोळत बसलो. उद्याचा बर्फ, परवाचा बर्फ, निळं मेण की जांभळं. लहानपणापासून ती तिथे माझ्याशेजारी उलट्या बादलीवर बसते. मध्येच म्हणाली, बाबा, खरं सांग. जमेल ना? नाहीतर उद्या दुपारपर्यंत क्रम बदलता येतो. मी रागावणार नाही, कुणी हसणार नाही, तू तिसरा धाव, मी शेवटची.

बिचारी घाबरली आहे. मी तिला धीर दिला. सांगितलं, तू फक्त वेळेत माझ्यापर्यंत ये, पुढचं माझ्यावर सोड. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बरं.

केवढा विश्वास आहे पोरीचा माझ्यावर.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

उणे अकरा. ऊन. जांभळं मेण. श्वास सुरू. आस्मुंडने सकाळी सकाळी माशाचा डबा उघडलाय. येतो, जातो.

२३ फेब्रुवारी, दुपारी, मेणाच्या खोपटातून

आत्ताच लिहून ठेवतो, हात गरम आहेत तोवर. पाचपैकी पाच.

क्रमाने. पहिले दोघे बरे धावले, म्हणजे आमच्या मानाने. सुनिवा चौथ्या नंबरवरून सुटली आणि पहिली परत आली, मागच्याला मिनिटभर मागे टाकून. शेवटच्या चढावर तिच्या तोंडाला फेस होता, हनुवटीवर लाळेचा बर्फ. माझ्या पाठीवर हात मारला आणि तिथेच आडवी झाली. ते हनुवटीचं मला बघवलं नाही, पण वेळ छान आणली होती. मी निघालो.

रेंजवर मी पहिला. आमची जागा अगदी कडेची, एक नंबरची. शेकडो माणसं, आणि मागच्या वर्षीचे तेच चेहरे. पाद्री पहिल्या रांगेत. काठ्या टाकल्या, रायफल हातात घेतली, डोळे मिटले. पाय बर्फावर. एक श्वास, दोन, तीन. डोळे उघडले. समोर पाच काळे गोल. इतके स्पष्ट मला ते आयुष्यात दिसले नव्हते. हात दगडासारखा. पहिली, पांढरी. दुसरी, पांढरी. तिसऱ्या गोळीला लोक गप्प झाले. चौथी. पाचवी. पाचही पांढऱ्या! टाळी नाही, चकार शब्द नाही. ज्यांनी मागच्या वर्षी मोजलं त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

तळ्याच्या पलीकडच्या क्लबचा माणूस तोवर माझ्या शेजारच्या जागेवर येऊन पोचला होता. रायफल पाठीवर तशीच, तोंड उघडं, एकदा समोर बघतोय, एकदा माझ्याकडे. त्याच्या मिशीत शेंबूड गोठला होता. पंच हात वर करून माझ्या दिशेने काहीतरी बोलत आला. आवाज आला, गेला. मी रायफल पाठीवर टाकली आणि शिक्षेच्या फेरीच्या वाटेकडे ढुंकूनही न बघता सरळ पुढे निघालो.

आणि आता खरी गंमत. सुनिवा! स्की काढलेल्या, नुसत्या बुटांवर, मांडीभर बर्फातून वाटेच्या कडेने माझ्याबरोबर धावत होती. दोन्ही हात हवेत, चेहरा लालबुंद, जिवाच्या आकांताने ओरडत होती. पूर्वीचा मी असतो तर थांबलो असतो, काय काय म्हणून विचारलं असतं, लय गेली असती. आज मी नुसतं टिपलं: हा एक आवाज आहे. त्याच्यामागे गेलो नाही. तिच्याकडे पूर्ण वळून बघितलं आणि हसलो. शांत, भरभरून. ती धडपडून बर्फात पडली. आनंद झेपला नाही तिला.

पहिला आलो. दोन्ही हात वर. टाळ्या नव्हत्या फारशा, सगळ्यांच्या हातात जाड मोजे होते.

दार वाजवतायत. बोर्गहिल्डचा आवाज, आस्मुंडचाही. वाजवू देत. हा क्षण पुरता अनुभवायचा आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेलो नाही.

काल खोपटाचं दार उघडल्यावर कळलं. आमची जागा एक नंबरची. मी ज्यांच्यावर गोळ्या मारल्या ती टार्गेटं दोन नंबरची. डोळे मिटून उभा असताना अंग थोडं वळलं असणार. दुसऱ्याच्या टार्गेटवर लागलेल्या गोळ्या धरत नाहीत. म्हणजे पाचही चुकलेल्या. पाच शिक्षेच्या फेऱ्या. मी एकही मारली नाही, आणि न मारलेल्या फेरीला दोन मिनिटांचा दंड. दहा मिनिटं. आठ टीम होत्या, आम्ही आठवे. सातव्या टीममधल्या एकाच्या गुडघ्यात स्टील आहे. तळ्यापलीकडच्या क्लबच्या माणसाला त्याची टार्गेटं पुन्हा काळी करून दिली, थांबलेला वेळ परत दिला, आणि ते जिंकले.

मी पंचाला म्हटलं, पण लागल्या तर पाचही. तो म्हणाला, हो, सुंदर मारल्यास. हे मी त्याला तीनदा म्हटलं आणि तो तीनदा हो म्हणाला. मग आस्मुंडने मला दंडाला धरून बाजूला नेलं. एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी सुनिवा स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. घसा पूर्ण गेलेला. काय म्हणतेय ते ऐकायला मला अगदी तोंडाजवळ वाकावं लागलं. म्हणाली, गोळ्या चुकल्या त्याचं काही नाही बाबा, कुणाच्याही चुकतात. शिक्षेच्या फेरीचं तोंड येण्याआधीपासून मी ओरडत होते, बाबा वळ, पाच मार. मारल्या असत्यास तरी आपण तिसरे आलो असतो. मी हाताभरावर होते. तू माझ्याकडे बघितलंस. नीट, माझ्या डोळ्यांत बघितलंस. आणि हसलास.

मी बदामाचं काहीतरी सांगायला लागलो. कपाळामागचा भाग, एकाग्रता. बोर्गहिल्डने टेबलावर हात ठेवला, नुसता ठेवला.

सुनिवाने माझ्यासाठी शब्द टाकला होता. मला माहीत होतं. बोर्गहिल्डने सांगितलं होतं, इथेच वर लिहिलंय मी, आणि लिहूनही वाचलं नव्हतं. दीड महिना पानं भरून जगाच्या नाकातोंडाची किळस लिहिली. आज आरशात दाढी करताना तेच कालचं हसू करून बघितलं. ओकारी आली. रेझर ठेवून दिला, अर्धी दाढी तशीच आहे.

पुढच्या वर्षी शेवटचा टप्पा तू घे, असं मी सुनिवाला सकाळी म्हटलं. तिने खांदे उडवले. बोर्गहिल्ड म्हणते, येईल की नाही तेच तिने अजून ठरवलेलं नाही.

दुपारी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता, फलाटावर आम्ही दोघंच. मी तिला म्हटलं, बोल, जे काय बोलायचं ते बोल, मी ऐकतोय, एक शब्द सोडणार नाही. तिने गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. सकाळपासून तेवढाही आवाज उरला नव्हता. गाडी येईपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.